अकरा गुलाबी कागद

“...म्हणजे पहिलं सॉफ्टवेअर पटावरची स्थिती मांडली की तशीच स्थिती आलेले सगळे डाव काढून देतं. दुसरं नुसत्या प्याद्यांच्या रचनेवरूनही शोधतं. ताई, यातलं कुठलं घेऊ?”

प्रमिलाताई हेरवाडकर सतरंजीवर बसून शेंगा सोलत होत्या. मिरजेत बुद्धिबळ शिकलेला जवळजवळ प्रत्येक जण त्यांच्या हाताखालून गेलेला. निषाद कारखानीसही त्यातलाच.

“किती डाव आहेत त्यात?”

“नव्वद लाख.” हे त्याने अशा थाटात सांगितलं की जणू सगळे यानेच खेळून ठेवलेत.

“आणि तुला काय शोधायचंय?”

निषाद मांडीवरच्या लॅपटॉपचा पडदा मागेपुढे करू लागला.

तीन आठवडे निषाद दोन्ही सॉफ्टवेअरची तुलना करत बसला होता. काय शोधायचं, हे ठरवायला मात्र त्याला सवड झाली नव्हती. निवड स्पर्धा आठ दिवसांवर आलेली. मागच्या तिन्ही स्पर्धांत त्याने सपाटून मार खाल्ला होता, आणि या वेळी राज्याच्या संघात नाव आलं नाही तर खेळ सोडायचा, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

“मी का हरतोय ते,” तो शेवटी म्हणाला.

“मग तुझे हरलेले डाव घातलेस त्यात?”

“ते... नाहीत माझ्याकडे.”

असणार कुठून? स्पर्धेत खेळाडू आपला डाव लिहितो तेव्हा खाली कार्बनची गुलाबी प्रत उमटते. वरचा कागद पंचांकडे जातो, गुलाबी खेळाडूचा. निषाद जिंकला की तो गुलाबी कागद घडी न घालता घरी नेई. हरला की टेबलावरच टाकून ताडताड निघून जाई.

ताई उठल्या. स्पर्धांना पंच म्हणून त्याच बसायच्या, हॉल बंद करूनच घरी यायच्या. त्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला आणि त्यातले कागद निषादच्या पुढ्यात ठेवले.

गुलाबी. अक्षर त्याचंच, खाली सहीही त्याचीच.

निषादचे कान लाल झाले. पहिला कागद त्याने तोंड वाकडं करून वाचला, दुसराही. पाचव्यापाशी तो थांबला. मग सगळे कागद सतरंजीवर शेजारी शेजारी मांडून गुडघ्यांवर बसला.

“ताई... जरा अडचण आली की मी घाईने वजिरावजिरी करतोय.”

“हं.”

“इथेही. हे बघा, इथेही. दोघांचे वजीर गेले की मला वाटतं सुटलो. आणि मग सावकाश हरतो.”

अकरा डाव होते. त्यातल्या नऊंमध्ये हेच.

निषादचा जीव भांड्यात पडला. आपला सगळा खेळच कुजलाय, या भीतीने त्याला कितीतरी दिवस धड झोप नव्हती. आणि निघाली काय, तर एक खोड. आठ दिवसांत हात आवरायला शिकता येईल. त्याला हसू फुटलं, डोळेही भरून आले, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

बऱ्याच वेळाने त्याने लॅपटॉप मिटला.

“पण ताई, मग ते नव्वद लाख डाव?”

ताईंनी शेंगांचं ताट पुन्हा पुढे ओढलं.

“ज्यांचे आहेत, त्यांना शोधू देत.”