ठिपकीच्या घरचा पत्ता

साग-बेहड्यांच्या एका जंगलात मुलांना शिकवणारी एक खार राहत असे. सगळे तिला खारबाई म्हणत. सशाची, सायाळीची, तितराची पिल्लं तिच्या वर्गात होती. शाळेला मोबाइल मिळाला, तेव्हा खारबाईंना फार आनंद झाला. चार दिवसांत त्या तो वापरायला शिकल्या. कधी समुद्र न पाहिलेल्या पिल्लांना त्यांनी लाटा दाखवल्या. सायाळीच्या तोतऱ्या पिल्लाचा आवाज रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवला, आणि महिनाभरात ते सबंध कविता म्हणू लागलं.

शाळेचा मुख्याध्यापक होता एक म्हातारा वानर. तो एकदा म्हणाला, "बाई, मोबाइल सुरक्षित कसा वापरायचा याची पुस्तिका आली आहे. तेवढी वाचून घ्या. आणि मुलांची माहिती कुठेही भरण्याआधी मला विचारत चला."

"वाचते ना, सर," खारबाई म्हणाल्या. त्यांनी ती वाचायला काढलीही होती. पण तपासायच्या वह्यांचा ढीग वाढत गेला आणि पुस्तिका ढोलीत तशीच राहिली.

सत्र संपत आलं. चाळीस प्रगतिपुस्तकं हातानं लिहायची होती. खारबाईंची बोटं दुखू लागली. तेवढ्यात मोबाइलवर निरोप आला : 'शिक्षकांसाठी खास! एका दिवसात सगळी प्रगतिपुस्तकं तयार. मुलांची नावं, फोटो, घरचा पत्ता आणि आईवडील बाहेर जाण्याच्या वेळा भरा.' वर घुबडाचा शिक्का होता, शिक्षण खात्याचा असतो तसा. वेळा कशाला हव्यात, असं खारबाईंच्या मनात आलं. सरांना विचारावं म्हणून त्या उठल्यासुद्धा. पण वानर टेकडीपलीकडे आठवडाभराच्या बैठकीला गेला होता आणि निकाल दोन दिवसांवर आला होता. त्यांनी पालकांकडून वेळा विचारून घेतल्या आणि सगळं भरून टाकलं. प्रगतिपुस्तकं सुरेख आली. पालकांनी तोंड भरून कौतुक केलं.

मुलांनो, तो निरोप शिक्षण खात्याचा नव्हता. तो कोल्ह्यानं पाठवला होता.

सुट्टीच्या पहिल्याच सकाळी तितरीण आपल्या ठिपकीला घरी ठेवून दाणे टिपायला गेली आणि कोल्हा नेमका तिच्या झुडपापाशी आला. "ठिपकी, बाहेर ये बाळा," तो मऊ आवाजात म्हणाला. "खारबाईंनी पाठवलंय मला. तुझं बक्षीस राहिलंय ना?" आपलं नाव आणि बाईंचं नाव ऐकून ठिपकी पळतच बाहेर आली.

तिथून कोल्हा सशाच्या बिळाकडे गेला. तिथे मात्र सशीण ताप आल्यामुळे घरीच होती. तिनं पिल्लाला घट्ट धरून ठेवलं.

दुपारी ते पिल्लू खारबाईंकडे धावत आलं. "बाई, कोल्हा आला होता! त्याला माझं नाव माहीत होतं! आई घरी कधी नसते, तेही."

खारबाईंना आपण भरून दिलेल्या वेळा आठवल्या. त्या सगळ्यात जवळच्या घरी, तितरिणीकडे धावल्या. ती झुडपाभोवती हाका मारत फिरत होती. वाटेवर पिसं पडली होती, पण तिकडे ती बघत नव्हती.

"ठिपकी तुमच्याकडे आलीय का हो, बाई?" तिनं विचारलं.

खारबाईंना खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी सगळं सांगितलं. निरोप, शिक्का, मनात आलेली शंकासुद्धा. तितरीण ओरडली नाही, रडलीही नाही. ती एवढंच म्हणाली, "वेळ मी तुम्हाला सांगितली होती, बाई. दुसऱ्या कुणाला सांगितली नसती."

वानर परतल्यावर दोघांनी घरोघर जाऊन सगळ्यांना सावध केलं. मोबाइलचे पासवर्ड बदलले. पण कोल्ह्याच्या हाती गेलेलं त्यांना पुसता येईना. मग एकेका कुटुंबानं घर बदललं. सायाळ तर पिल्लाला घेऊन नदीपलीकडे गेली. नवं सत्र सुरू झालं, तेव्हा वर्गात अकराच पिल्लं होती. हजेरीपटासाठी खारबाईंनी त्यांचे नवे पत्ते विचारले. एकाही आईनं सांगितला नाही, आणि खारबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

तात्पर्य : मुलांची माहिती ही शिक्षकाजवळ विश्वासानं दिलेली ठेव असते; मागणारा कोण आणि कशासाठी मागतो, याची खात्री झाल्याशिवाय ती कुणाच्याही हाती देऊ नये.