मुक्या साध्वींचा मठ

वेल्सच्या धुकट डोंगरांत, एका राज्यात, नदीकाठी साध्वींचा मठ होता. साध्वी मेंढ्या पाळीत, लोकर कातीत आणि पहाटे-सांजेस स्तोत्रे गात. ते गाणे ऐकून पाण्यातले मासे थबकत. मठमाता होती हुनिद, राजा काडेलची धाकटी बहीण.

एकदा राजाने शेजारच्या राजाला मारून त्याचे राज्य घेतले, त्याचा सोन्याचा मुकुट लुटून आणला, आणि पाप धुतले जावे म्हणून मठाच्या वेदीवर वाहायला धाडला. त्या दिवसापासून साध्वींचे आवाज जाऊ लागले. आज एकीचा, उद्या दुसरीचा. ओठ हलत, सूर उमटेना. अखेर एकट्या हुनिदचा आवाज उरला.

तेव्हा खिडकीत एक बगळा उतरला आणि म्हणाला, "मुकुट शापित आहे. शाप देणारा जादूगार तळ्यापलीकडे राहतो."

हुनिद निघाली. जादूगार त्या मेलेल्या राजाचा जुना सेवक होता. शाप उतरायला त्याने तीन कामे सांगितली. धुक्याचे सूत काढायचे. तिने काढले, जन्मभर सूतच तर कातीत आली होती. ओंजळीत विस्तव घेऊन तळे पार करायचे. तिने केले, तळहात पोळले. तिसरे काम मात्र सर्वांत अवघड होते.

"भर दरबारात राजाला चोर म्हण," जादूगार म्हणाला.

याच भावाने तिला लहानपणी खांद्यावर बसवून डोंगर दाखवले होते. मठाची जमीनही त्याचीच देणगी. तो कोपला तर साध्वींनी जायचे कुठे?

तरी ती दरबारात उभी राहिली. "महाराज, तुम्ही देवाला चोरीचे सोने वाहिलेत. तुम्ही चोर आहात."

सरदारांचे हात तलवारींवर गेले. राजा मात्र बराच वेळ तिच्या पोळलेल्या हातांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "आणि परत केले तर?"

"तर माझा दादा मला परत मिळेल."

राजा सिंहासनावरून उतरला. हुनिदने वेदीवरून आणून दिलेला मुकुट घेऊन तो अनवाणी चालत गेला, मृत राजाच्या लेकीच्या हाती तो दिला आणि तिचे राज्यही तिला परत केले.

त्या सांजेस मठात सर्वांत म्हाताऱ्या एफाच्या कंठातून एक चिरका सूर निघाला. मग दुसरीचा, मग साऱ्यांचा. ज्याचे होते त्याला मिळाले.

पुरुषाला मठात पाऊल टाकायची मुभा नव्हती. राजा दाराबाहेर ओल्या गवतावर बसला, आणि स्तोत्र संपेपर्यंत राज्याची सारी कामे खोळंबून राहिली.