रिकाम्या जागांचा नकार

फार जुनी गोष्ट आहे, डोंगरांना नावंसुद्धा नव्हती तेव्हाची. लहानांनी ऐकावी, थोरांनी तर ऐकावीच.

एका डोंगराळ मुलखात काही माणसं राहत होती. मका पिकवत, भोपळे पिकवत. त्यांच्या गावाच्या मधोमध एक धुनी होती, ती कधी विझत नसे. एक म्हातारी तिची राखण करी. सगळे तिला आजी म्हणत.

गावाचा प्रत्येक निर्णय धुनीभोवती व्हायचा. पण त्यांची एक रीत होती. कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही. पटलं नाही तर सभेला यायचंच नाही. जागा रिकाम्या दिसल्या की विचारणारा काय ते समजायचा आणि विषय तिथंच मिटायचा.

पुढे त्यांच्या नदीत सोनं सापडलं. झालं! शेजारच्या राजाला त्या डोंगरांच्या प्रेमाचं भरतं आलं. त्याच्या कारभाऱ्यानं येऊन सभा बोलावली. म्हणाला, "हे डोंगर राजाला द्या, बदल्यात दूर मावळतीकडे जमीन घ्या."

सगळी माणसं घरीच बसली. आले ते चार-दोन जण, राजापुढे शहाणपण चालत नाही म्हणणारे. कारभाऱ्यानं त्यांचे अंगठे घेतले.

आजी म्हणाली, "अहो कारभारी, या रिकाम्या जागा दिसतात ना? आमच्यात यालाच 'नाही' म्हणतात."

कारभारी हसला. "आजीबाई, आमच्यात मौन म्हणजे संमती. जे आले नाहीत, त्यांचा होकार धरलाय."

मग मात्र सगळा मुलूख राजाच्या दारात जाऊन 'नाही, नाही' म्हणाला. पण राजाला ऐकायचं होतं कुठे!

शिपाई आले. माणसांना भरल्या ताटावरून उठवलं. आजीनं धुनीतले निखारे राखेत झाकून मडक्यात घेतले. ऐन हिवाळ्यात सगळे चालत निघाले. वाटेत म्हातारी माणसं गेली, तान्ही पोरं गेली. आजीची नातही गेली. आजी ढसाढसा रडली, पण मडकं तिनं सोडलं नाही.

मावळतीच्या मुलखात पोहोचल्यावर तिनं फुंकर घालून धुनी पेटवली. म्हणाली, "जुनी रीत आपल्या माणसांत चांगली होती. आजपासून मात्र 'नाही' म्हणायचं असेल, तर यायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. एकही जागा रिकामी नको."

सगळे आले. पूर्वीसारखे धुनीभोवती बसले. तरी कितीतरी जागा रिकाम्याच राहिल्या.

तात्पर्य: ज्याला तुमचं घर हवं असतं, तो तुमच्या गप्प बसण्यालाही होकारच म्हणतो.