ओट्यावरचा आरसा

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर रुसली. रुसवा लटका नव्हता. नव्या जागेत, बोलावलेल्या पाहुण्यांच्या देखत, ज्यांच्या आशीर्वादाची सर्वांत जास्त ओढ होती त्यांनीच आपला पाणउतारा केला, असे तिला वाटत होते. तिला तसे का वाटले आणि ते कितपत खरे होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

गुरू म्हणजे एक वृद्ध स्त्री. एका मध्यम आकाराच्या शहरात त्यांचे सौंदर्य-चिकित्सालय होते. त्याला कोणी पार्लर म्हटले, तर त्या रागावत नसत. मात्र तेवढ्यापुरते त्यांना ऐकू येत नसे. त्वचेचे शास्त्र त्या रीतसर शिकल्या होत्या. सारे गाव त्यांना नुसते ‘बाई’ म्हणे. शिष्येचे नाव यामिनी. बाईंच्या हाताखाली ती अनेक वर्षे राबली, शिकली, आणि पुढे पुढे तर ग्राहक स्त्रिया ‘यामिनीच हवी’ असा हट्ट धरू लागल्या.

बाईंची एक रीत होती आणि नव्याने येणाऱ्यांना ती विक्षिप्त वाटे. चिकित्सालयाला बाहेर एक ओटा होता, वर पत्र्याची सावली. तिथे एक लाकडी स्टूल कायमचे मांडलेले असे. आलेल्या स्त्रीला आत नेण्याआधी बाई तिला त्या स्टुलावर बसवीत, हातात एक साधा आरसा देत आणि म्हणत, “बघा. मागच्या वेळेपेक्षा काय बदललं ते तुम्ही सांगा. मग मी सांगते.” रस्त्याने माणसे जात-येत असत, समोरचा किराणावाला वाकून पाही, एखादी स्त्री संकोचून आत पळू पाही. बाईंना त्याचे काही नसे. संध्याकाळी उशिरा कोणी आले, तर त्या सरळ सांगत, “आता नको, उद्या दुपारी या.” यामिनीला ही रीत मनातून कधीच पटली नव्हती. पैसे मोजून सुंदर व्हायला आलेल्या माणसाला आधी रस्त्यावर बसवायचे, हा कुठला व्यवसाय?

पुढे यामिनीने स्वतःचे चिकित्सालय काढले. बाईंनी आनंदाने निरोप दिला. यामिनीला बाईंसारखे व्हायचे होते. पण ‘बाईंची यामिनी’ म्हणून ओळखले जायचे नव्हते. तिने बाजारपेठेत जागा घेतली. प्रकाशाच्या झोताने त्वचेवर काम करणारे एक नवे यंत्र आणले. त्या शहरात ते कोणाकडेच नव्हते. आणि प्रत्येक खुर्चीसमोर लावला मोठा आरसा, चौफेर दिव्यांची चौकट असलेला. त्या आरशात पाहणारा कोणीही माणूस आठ दिवस महाबळेश्वरी राहून आल्यासारखा दिसे. फिरकीच घ्यायची तर म्हणता येईल, की वायरिंग करायला आलेला माणूससुद्धा त्यात दोनदा डोकावून गेला.

उद्घाटनाला बाई आल्या. कोरडे ठणठणीत दिवस होते, तरी त्यांच्या हातात छत्री होती. पाहुण्यांनी ते पाहून ओठ दाबले. बाईंनी यंत्राची मनापासून चौकशी केली. झोत किती खोल जातो, जोर कसा कमी-जास्त करायचा, सावळ्या त्वचेला काय वेगळे करायचे, असे त्या एकेक विचारत राहिल्या. यामिनीचा जीव भांड्यात पडला. बाईंना नव्याचे वावडे आहे, अशी एक शंका तिच्या मनात घर करून होती, ती विरली.

“पहिली गिऱ्हाईक मीच,” बाई म्हणाल्या. “पण फक्त उजव्या गालावर कर. डावा राहू दे.”

“बाई, असं अर्धं काम कसं करू? लोक काय म्हणतील?”

“लोकांचं राहू दे गं. कर.”

मग खुर्चीवर बसण्याऐवजी बाईंनी कोपऱ्यातले एक स्टूल उचलले आणि काचेचे दार ढकलून त्या थेट फुटपाथवर गेल्या. स्टूल मांडले, छत्री उघडली आणि पिशवीतला लहानसा आरसा काढून सावलीत आपला चेहरा निरखू लागल्या. आधी उजवा गाल, मग डावा, मग पुन्हा उजवा. आत पेढे वाटले जात होते, बाहेर बघे जमत होते. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, “आजी, आत आरसे नाही मिळाले का?” पाहुण्यांमध्ये हशा पिकला. बाई शांतपणे परत आल्या, उपचार करून घेतला, आणि तो संपताच पुन्हा बाहेर जाऊन बसल्या. नंतर यामिनीच्या डोक्यावर हात ठेवला, “यंत्र चांगलं दिसतंय, बघू,” एवढेच म्हणाल्या आणि गेल्या.

‘बघू’ हा शब्द यामिनीला जिव्हारी लागला. त्या दिवसापासून तिने बाईंकडे जाणे सोडले.

पहिले काही महिने तिच्याकडे गर्दी लोटली. स्त्रिया येत, आरशात पाहून हरखत, हसत घरी जात. परंतु हळूहळू एक विचित्र गोष्ट घडू लागली. तक्रार कोणाचीच नव्हती. फक्त गेलेली माणसे परत येत नव्हती. नवी येत, खूश होत, नाहीशी होत. मग नवीही आटली. यामिनीने रंग बदलले, सुगंध बदलले, बाहेर मोठा फलक लावला. यंत्राचा जोरही थोडा वाढवला, म्हणजे फरक चटकन दिसेल. दुपारच्या वेळी रिकाम्या खुर्च्या त्या आरशांमध्ये फार देखण्या दिसत. जागा सोडायची आणि मान खाली घालून बाईंकडे परत जायचे, ही कल्पना तिला आता झोपू देत नव्हती.

अशा दिवसांत एकदा भाजीबाजारात तिला कानडे मॅडम भेटल्या. त्या एका शाळेत शिक्षिका होत्या. गालांवर आणि कपाळावर वांगाचे डाग, म्हणून त्या यामिनीकडे नियमाने येत असत. प्रत्येक वेळी आरशात पाहून समाधानाने मान हलवीत असत. मग त्याही येईनाशा झाल्या होत्या. आता भर दुपारी, मेथीच्या जुड्या निवडताना, त्यांनी पदर डोक्यावरून गालापर्यंत ओढून घेतला होता. यामिनीला पाहून त्या दचकल्या आणि पदर सुटला.

डाग होते तसेच होते, असे म्हणणेही खोटे ठरेल. ते गडद झाले होते.

“मॅडम, तुम्ही आलाच नाहीत परत.”

“काय सांगू यामिनीताई,” मॅडम ओशाळून म्हणाल्या. “तुमच्याकडे आरशात छान दिसतं हो. घरी आलं की नाही दिसत तसं. तुमची चूक नाही. माझा चेहराच मेला वाईट. हल्ली मी वर्गात फळ्याकडेच तोंड करून शिकवते.”

यामिनीला तिथे उभे राहवेना. तिला विलक्षण लाज वाटली. कोणी भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, तर तिने तोंड दिले असते. पण कानडे मॅडम तिच्या चुकीचा दोष स्वतःच्या चेहऱ्याला देऊन मोकळ्या झाल्या होत्या. रुसवा, मान, अभिमान सगळे गुंडाळून यामिनी तशीच बाईंच्या ओट्यावर गेली.

बाई स्टुलावर बसून आरशात आपलेच गाल पाहत होत्या. “ये,” त्या म्हणाल्या, जणू ती कालच येऊन गेली होती. यामिनीने सारे सांगितले आणि शेवटी म्हणाली, “ते यंत्रच मी काढून टाकते, बाई. तुमचंच बरोबर होतं. जुनं तेच खरं.”

“असं मी कधी म्हटलं?” बाई म्हणाल्या. “आत जाऊन बघ जरा.”

यामिनी आत गेली आणि दारातच थबकली. कोपऱ्यात तेच यंत्र होते. नवे कोरे.

बाई म्हणाल्या, “त्या दिवशी तुझ्या आरशात मी उपचाराआधीच उजळ दिसत होते. मग यंत्रानं काय केलं, हे मला कळणार कसं? म्हणून बाहेर बसले. छत्री का, तर झोत घेतलेल्या कातडीवर ऊन नको. आणि एकच गाल का, तर दुसरा साक्षीला हवा. त्यानंतर रोज दुपारी इथे बसून दोन्ही गाल ताडून पाहिले. फरक लहान होता, पण खरा होता. तेव्हा कुठे यंत्र मागवलं. नवं आणण्यात तुझी काही चूक नाही, पोरी. ते दिवे तू गिऱ्हाइकाला खूश करायला लावलेस. पण त्या दिव्यांत तुलाही काही दिसेनासं झालं. वांगावर जोराचा झोत चालत नाही, उष्णतेनं डाग काळवंडतात. त्यांना असं बाहेर उजेडात बसवलं असतंस, तर दुसऱ्याच खेपेला तुझ्या डोळ्यांना दिसलं असतं आणि तुझा हात आपोआप हलका झाला असता. बिघडलेलं जिथे दिसतं, तिथेच ते सुधारता येतं. माणसं जगतात बाहेर, दिवसाच्या उजेडात. आपलं काम तिथे टिकलं पाहिजे.”

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगायलाच तर फुटपाथवर बसले होते. तू रुसलीस. नंतर मी यायला हवं होतं. वाटलं, तुला तुझं तुझं चालायचंय, मध्ये पडू नये. तिथे माझंही चुकलंच.”

दोघींनी तिथेच चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने वायरिंगवाल्याला बोलावून आरशांभोवतीचे दिवे उतरवले. (तो हळहळला, असे म्हणतात.) दारापुढे सावली केली आणि एक स्टूल मांडले. मग कानडे मॅडमना फोन केला. त्या यायला तयार नव्हत्या. यामिनीने फार आर्जव केले, तेव्हा आल्या. पदर गालावर घट्ट धरूनच आल्या.

यामिनीने त्यांना स्टुलावर बसवले आणि हातात आरसा दिला. आपली चूक अशी भर रस्त्यात, ऐकणारी माणसे आजूबाजूला असताना बोलून दाखवली, की उरलेसुरले नावही जाईल, हे तिला कळत होते. तरी ती बोलली.

“डाग गडद झालेत, मॅडम. तुमचा चेहरा वाईट नाही. मी यंत्र जास्त जोरानं चालवलं आणि मला ते दिसलं नाही. आता आधी हे शांत करू. महिनाभर नुसता लेप, यंत्र नाही. नंतरसुद्धा अगदी हलक्या हातानं. पूर्ण जातील असं वचन मी देत नाही.”

मॅडम बराच वेळ आरशात पाहत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

“मला दिसत होतं हो,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटायचं, माझेच डोळे फसवतायत.”

मग त्यांनी आरसा परत केला आणि उठल्या. “पुढच्या वेळी कधी येऊ?”

“तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा या. संध्याकाळी शाळा सुटल्यावर आलात तरी—”

“नको,” मॅडम म्हणाल्या. “दुपारीच येते. उजेड असताना.”

त्या बाजारपेठेतून चालत घरी गेल्या. समोरून माणसे येत होती, ओळखीचीही होती. पदर खांद्यावरच राहिला.