अडून बसलेलं जातं

या, पडा इथे. पांघरूण ओढू नकोस रे तिचं. आज माझे गुडघे फार दुखतायत, म्हणून गोष्ट हळूहळू सांगेन. आणि मधूनमधून हुंकार द्या, नाहीतर मला वाटेल मी भिंतीशीच बोलतेय.

एक होता राजा. म्हातारा आणि दमलेला. त्याच्या राज्यात दोन गावं, वरवंडी आणि खालवंडी. मधे एक तळं. दोन्ही गावांचं कधी पटायचं नाही. काही बिनसलं की हे म्हणायचे त्यांनी केलं, ते म्हणायचे ह्यांनी केलं. मग काठ्या निघायच्या, कुऱ्हाडी निघायच्या.

एकदा काय झालं, वरवंडीचा देवाला सोडलेला वळू मेला. वरवंडी म्हणाली, खालवंडीनं विष घातलं. दोन्हीकडचे दोन-दोनशे गडी राजाच्या दारात उभे राहिले. राजाचा दिवाण मोठा हुशार. त्यानं राजाच्या कानात सांगितलं, महाराज, एक माणूस देऊन टाका, चारशे वाचतील. आणि असा निवडा, ज्याच्यामागं रडायला कुणी नाही.

तसा एक होता. कोंडाजी फणीवाला. लाकडाच्या फण्या करायचा, दोन्ही गावांच्या बायकांचे केस त्याच्याच फणीनं विंचरले जायचे. ना बायको, ना पोर. त्यानं वळूला कधी हातही लावला नव्हता, बरं का. पण ठरलं. त्याला कड्यापलीकडच्या रानात सोडायचं. तिथून परत कुणी येत नसे.

मग दिवाणानं एक रीत काढली. प्रत्येक घरानं मूठभर धान्य आणायचं, पहिली मूठ राजाची. राजाच्या स्वयंपाकघरातल्या राहीबाईनं ते जात्यावर दळायचं आणि त्याची एक भाकरी करून त्या माणसाच्या शिदोरीत बांधायची. सगळ्यांचा हात लागला की कुणा एकट्याला पाप नाही, असं त्याचं म्हणणं. लबाडी कशी सोवळ्यात बसते बघा!

कोंडाजी भाकरी घेऊन गेला. लोक घरी गेले. राजाला कितीतरी दिवसांनी झोप लागली. चार दिवसांनी, वळू बसायचा त्या गोठ्याच्या भिंतीत भला मोठा नाग निघाला. सगळ्यांना कळलं वळू कशानं मेला ते. पण कुणी बोललं नाही.

मग पुढच्या साली कडब्याची गंजी पेटली. पुन्हा काठ्या. या वेळी कारण शोधायला कुणी गेलंच नाही. कशाला जातील? माणूस दिला की भागत होतं. शेळ्या राखणारी सगुणा दिली. तिनं जाताना एवढंच विचारलं की माझ्या शेळ्यांना पाणी कोण दाखवील. राहीबाईनं तिची भाकरी भाजली आणि स्वतः दोन दिवस जेवली नाही.

मग तिसऱ्या साली तळ्याचा बांध फुटला. पुन्हा तेच. गडी जमले, दिवाणानं नाव काढलं. गावात नुकताच आलेला एक घोंगडी विणणारा, बाळोजी. राजानं जांभई देत आपली मूठ टाकली. मग एकेका घरानं टाकली. कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी, कुणाची नाचणी. राहीबाईनं जात्याच्या खुंट्याला हात घातला.

जातं हलेना. तिनं जोर लावला. दोन गडी आले, चार आले. जातं जागचं हलेना. झोपलीस का गं? बरं. मग काय झालं, त्या जात्याला वाचा फुटली.

जातं म्हणालं, "दोनदा मला फिरवलंत. आता फिरणार नाही. राजा, पहिली मूठ तुझी. याचा गुन्हा काय ते सांग, मग फिरेन."

राजानं दिवाणाकडे पाहिलं. दिवाण पागोटं सारखं करत बसला. मग राजानं बाळोजीकडे पाहिलं. आधीच्या दोघांकडे त्यानं नीट पाहिलंच नव्हतं, हो. बाळोजीच्या बोटांना लोकर चिकटली होती.

मग राजा म्हणाला, "याचा काही गुन्हा नाही. त्या दोघांचाही नव्हता. मी दमलो होतो, एवढंच."

आणि म्हातारा सगळ्यांदेखत रडला. पुढे होऊन आपली मूठ काढायला गेला. पण दाणे सगळे एकमेकांत मिसळलेले. तो तिथेच मांडी घालून निवडायला बसला. राजा खाली बसला म्हटल्यावर दुसऱ्यांना उभं राहवेना. आपलेही दाणे परत हवेत ना! मग एकेकानं काठी खाली ठेवली. काठी धरून दाणे कसे निवडणार? ही टपोरी बाजरी माझी, ही बारीक तुझी, अशी बाचाबाची करत सगळे दिवसभर निवडत बसले.

निवडता निवडता खालवंडीचा एक म्हातारा म्हणाला, बांध घुशींनी पोखरलाय, मी पावसाळ्याआधीच बिळं पाहिली होती. वरवंडीचा एक म्हणाला, मीही पाहिली होती. बोलायला सवड कुणाला होती? उन्हं कलली तेव्हा कुणाच्या पाठीत भांडायचं बळ उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळे बांध घालायला गेले. त्या दिवशी जातं आपणहून फिरलं आणि सगळ्यांच्या भाकऱ्या झाल्या. बाळोजीनंही खाल्ली.

कोंडाजी आणि सगुणा? नाही रे बाळांनो, ते नाही आले. राजा स्वतः रानात शोधायला गेला. एक फणी सापडली फक्त. ती त्यानं उशाशी ठेवली. पुन्हा त्याला कधी गाढ झोप लागली नाही, आणि पुन्हा कधी त्यानं माणूस दिला नाही.

दोन्ही गावं सुखानं नांदली. भांडलीसुद्धा. पण भांडण झालं की आधी बिळं बघायला जायची.

झालं. तुम्ही काही कुणाला रानात देऊन टाकलं नाहीये, तुम्हाला छान झोप लागेल. मिटा डोळे.