कोचची पाठ

“मग त्या दिवशी तुम्ही पाठ का फिरवलीत, कोच?”

म्हातारा थर्मासचं झाकण उघडायच्या खटपटीत होता. थंडीने बोटं वळत नव्हती.

“कोच, मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकू येतं मला... हे उघडून दे.”

वॉरनने झाकण उघडून दिलं. दोघे मैदानाच्या कडेला होते. सामन्याची मधली सुट्टी चालली होती आणि ती आता संपतच आली होती.

डकोटाच्या उघड्या माळावरचं हे लहानसं कॉलेज. मुलं थोडी, बहुतेक आसपासच्या शेतकऱ्यांची. खेळ अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळायचं नाहीतर फेकायचा. पायाचा संबंध नावापुरता. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डावांत, दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांचा. डाव सुरू करणारा, चेंडू फेकणारा जो गडी, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. सगळं घोंगडं त्याच्या गळ्यात.

ऑर्विल हाल्वोर्सन हा इथला जुना कोच. आपल्याकडे तालमीतल्या वस्तादाला जो मान, तो तिकडे कोचला. वॉरन ड्रेगर हा त्याचा पट्टशिष्य, एके काळचा क्वार्टरबॅक. आता गुरूच्याच जागेवर कोच होता. आणि आज हरलास तर ती जागा गेली, असं कॉलेजच्या अध्यक्षांनी त्याला सकाळीच तोंडावर सांगितलं होतं. संघ चार गुणांनी मागे होता.

पाठीची गोष्ट त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. जुन्या काळी या खेळात नियमच होता, सामना चालू असताना कोचने बाहेरून डाव सांगायचा नाही. सांगितला तर संघाला दंड. हाल्वोर्सनने त्याच्याही वर ताण केली. मोठ्या सामन्यात, संघ मागे असताना, अगदी शेवटच्या डावाला त्याने मैदानाकडे चक्क पाठ फिरवली. पोरांनी आपल्या अकलेने डाव रचला, वॉरनने चेंडू फेकला आणि सामना जिंकला. डोळ्यांनीसुद्धा खूण व्हायला नको म्हणून कोच वळले, असं कोणी म्हणे. ते प्रार्थना करत होते, असं चर्चमधली मंडळी म्हणत. म्हाताऱ्याला कोणी विचारलं, तर तो हवामानावर बोलायला लागे.

पुढे नियम बदलला. आता प्रत्येक डावाआधी वॉरन कडेला उभा राहून हातांनी खुणा करत असे. त्याच्या खुणांचं आसपासच्या कॉलेजांत मोठं कौतुक होतं, आणि ते त्याला माहीतही होतं.

“कर्टिसला मी बाहेर बसवतोय,” वॉरन म्हणाला. कर्टिस हा त्याचा आताचा क्वार्टरबॅक. “दुसरा तयार ठेवलाय. हे पोरगं पार गोंधळलंय. मी खूण करतो एक, ते करतं भलतंच.”

“शेवटचं वर्ष ना त्याचं?”

“हो.”

“म्हणजे सोमवारपासून बापाच्या ट्रॅक्टरवर.”

खरंच होतं ते. असल्या कॉलेजातल्या पोरांना पुढे मोठ्या संघांची दारं उघडत नाहीत. आजचा सामना हंगामातला शेवटचा; तो संपला की त्यांचा खेळ जन्माचा संपला.

“मग मी काय करू, कोच? त्याच्यापायी मी घरी बसू?”

“खूण करतोस तेव्हा तो कुठे बघतो?”

“माझ्या हातांकडे. आणखी कुठे?”

“मी मघापासून तुझ्याच मागे बसलोय.” म्हाताऱ्याने कॉफी ओतून घेतली. “तो तुझ्या हातांकडे बघत नाही. तोंडाकडे बघतो.”

...

“काय असतं माझ्या तोंडावर?”

म्हाताऱ्याने एक घोट घेतला.

वॉरन उसळला. “तुमचं काय जातंय बोलायला! तुमच्या हाताखाली आम्ही होतो. तुम्ही पाठ फिरवलीत, कारण तुमचा माझ्यावर विश्वास होता. तसली पोरं द्या मला, मीही फिरवतो पाठ!”

“विश्वास?”

“मग काय तर?”

“हे तुला कोणी सांगितलं?”

सांगितलं कोणीच नव्हतं. वॉरनच सांगत आला होता सगळ्यांना. नव्या पोरांना, लग्नाआधी बायकोला, कॉलेजच्या प्रत्येक मेजवानीत.

“माझी पाचावर धारण बसली होती, वॉरन.” म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला. “तुम्ही हरणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. हनुवटी थरथरायची थांबेना. तुम्ही अकराजण टक लावून माझ्याकडे बघत होतात... तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती. म्हणून वळलो.”

वॉरनला ते फार लागलं. ज्या एका गोष्टीच्या बळावर तो इतकी वर्षं छाती काढून चालला, ती गोष्टच पोकळ निघाली. त्याला म्हाताऱ्याचा राग आला आणि रडूही आलं.

“आणि मी फेकलेला तो चेंडू?”

“सुरेख होता म्हणतात.”

“तुम्ही... पाहिलाच नाहीत?”

“नाही.”

शिट्टी झाली. पोरं पुन्हा मैदानाकडे निघाली. दुसरा क्वार्टरबॅक हेल्मेट घालून वॉरनसमोर येऊन उभा राहिला.

वॉरनने त्याला हातानेच थांबवलं. “थांब जरा. कर्टिस खेळू दे.”

का, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

उरलेल्या सामन्यात दोन्ही संघ रेड्यांसारखे झुंजले, पण गुण कुणालाच मिळाला नाही. वॉरन खुणा करत राहिला. कर्टिस कधी बरोबर खेळला, कधी चुकला. म्हातारा घडीच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन वॉरनच्या मागे बसून होता.

असं करता करता घड्याळात एकच डाव उरला. शेवटची रेघ समोर दिसत होती, आठ-दहा पावलांवर. चेंडू रेघेपलीकडे गेला तर सहा गुण, आणि सामना त्यांचा. नाही गेला तर हरले.

वॉरनने खेळ थांबवून घेतला. कर्टिस धावत कडेला आला.

“कोच, कुठला डाव?”

तो हातांकडे बघत नव्हता.

वॉरनने डाव सांगायला तोंड उघडलं. आपली हनुवटी हलतेय, हे त्याचं त्यालाच जाणवलं. आणि समोरच्या पोराच्या डोळ्यांत भीती उतरताना त्याने पाहिली. त्याचीच भीती होती ती.

“डाव...” तो कसाबसा म्हणाला, “तुझा तू ठरव.”

“काय?”

“तुझा तू ठरव. जा.”

आणि तो वळला. मैदानाकडे पाठ.

“मिस्टर ड्रेगर!” बाकांवरून अध्यक्ष ओरडले. “हा काय पोरखेळ लावलाय तुम्ही?”

वॉरन हलला नाही. आता त्याच्यासमोर फक्त म्हातारा होता. म्हाताऱ्याची नजर वॉरनच्या खांद्यावरून मैदानावर लागली होती.

मागून कर्टिसचा आवाज आला. डावाचे आकडे ओरडून सांगत होता. पहिला आकडा चिरकला. दुसरा खणखणीत आला. मग अंगावर अंग आदळलं, कोणीतरी कण्हलं, बुटांचा धडधडाट दूर गेला...

...

आणि दोन्ही बाजूंचे प्रेक्षक एकदमच ओरडले. कोणाचा आनंद आणि कोणाची हळहळ, काही म्हणता काही कळेना.

निकाल काय लागला ते त्या गावात अजून रंगवून सांगतात. मला त्याच्याशी कर्तव्य नाही.

वॉरनला वळून बघायचं धैर्य होईना. त्याने म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर डोळे रोवले. भुवया पाहिल्या, ओठ पाहिले, एकेक सुरकुती चाचपली.

“कोच... काय झालं?”

म्हाताऱ्याने थर्मासचं झाकण सावकाश लावलं.

“माझ्या तोंडाकडे काय बघतोस?”