तेल लावलेला दोर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचे नाव आता कुणालाच आठवत नाही. मला तर मुळीच नाही, तेव्हा ते विचारू नका.

त्या राज्यात एक उंच गड होता. गडाच्या मागच्या बाजूला सरळ तुटलेला कडा होता आणि कड्यावर मधाची मोठमोठी पोळी होती. एक म्हातारा दोराला धरून खाली उतरायचा आणि मध काढायचा. त्याची सगळी हयात त्या दोरावर गेली होती. गडाचे दोर वळणारा कारागीर थकून गावी परतला, तेव्हा त्याच्या जागी नवा माणूस नेमायचे ठरले. वर्षाचे धान्य आणि गडावर राहायला एक खोली मिळणार होती.

राज्यात एक चांगली रीत होती. ज्या कामावर ज्याचा जीव विसंबून असेल, त्यानेच त्या कामाचा माणूस निवडायचा. म्हणजे किल्लेदार नुसता बसणार आणि निवड म्हातारा करणार. रीत सगळ्यांना ठाऊक होती. पण समोर गादी आणि फेटा दिसला की माणसे रीत विसरतात, हे तेव्हाही असेच होते.

गडाखालच्या गावात हौसा नावाची बाई राहायची. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन ती भावाच्या ओसरीवर आली होती. अंबाडीच्या वाखाचा दोर वळण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. पण भावाने आता स्पष्ट सांगितले होते, "पुढच्या अमावास्येपर्यंत तुझी सोय बघ, हौसा. माझाही इलाज नाही."

तेव्हा ती जागा हौसाला मिळवायचीच होती. घरकाम उरकून, पंधरा रात्री जागून तिने तीस हात दोर वळला.

भावजय मनाने वाईट नव्हती. तिने आपले ठेवणीतले लुगडे हौसाला दिले आणि वर सल्लाही दिला. "वन्सं, बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. दोराला जवसाचं तेल चोळा. कसा सोन्यासारखा दिसेल." हौसाला ते पटले. जाण्याच्या आदल्या दुपारी तिने तेल चोळले आणि दोर खरोखरच चमकू लागला.

गडावर तिच्याआधी दोघे जण येऊन बसले होते. पहिल्याने किल्लेदाराला तीनदा मुजरा केला. दुसऱ्याने गडाची, किल्लेदाराची आणि किल्लेदाराच्या मिशांचीही तारीफ केली. बाजूच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे दोघांचीही पाठ होती.

म्हाताऱ्याने दोघांना एकच प्रश्न विचारला. "तुझा दोर कधी तुटलाय का?"

"छे, कधीच नाही," पहिला किल्लेदाराकडे बघत म्हणाला.

"माझा दोर आणि तुटेल?" दुसरा हसला.

मग हौसाची पाळी आली. तिने दोर पुढे ठेवताच किल्लेदार वाकून बघू लागला. "वा, काय झळाळी आहे," तो म्हणाला. हौसाला वाटले, जागा मिळालीच.

तेवढ्यात म्हातारा उठला. दोराला हात लावण्याआधी त्याने मूठभर कोरडी माती उचलली आणि दोन्ही तळव्यांना चोळली. मधाने आणि घामाने हात निसटू नयेत म्हणून आयुष्यभर तो असेच करत आला होता. हौसाने ते पाहिले आणि तेल लावलेल्या दोरावर हा हात टिकणार नाही, हे तिला कळले.

गप्प बसले तर जागा मिळाल्यातच जमा होती. बोलले तर जागा जाणार होती आणि अमावास्येला भावाची ओसरीही. तिला मुली आठवल्या. तरी ती बोलली.

"बाबा, थांबा. हा दोर घेऊ नका. चमकावा म्हणून मी त्याला तेल चोळलंय. कड्यावर तुमचा हात निसटेल."

किल्लेदाराच्या कपाळावर आठ्या चढल्या. "मग दाखवायला आणलास कशाला?"

"चांगलं दिसावं म्हणून, सरकार. चुकलं माझं."

म्हाताऱ्याने तिलाही तोच प्रश्न विचारला. "तुझा दोर कधी तुटलाय का?"

"तुटलाय, एकदा. विहिरीवर. दोराला दोर जोडतो तो सांधा वीतभरच ठेवला होता, तो सुटला. तेव्हापासून मी सांधा हातभर ठेवते." मग ती किल्लेदाराकडे वळली. "मला थोडा वाख द्या आणि एक दिवस द्या. नवा वळून दाखवते."

"निवड आजच व्हायची," किल्लेदार म्हणाला.

"मग दिवस मावळेपर्यंत द्या."

किल्लेदाराने म्हाताऱ्याकडे पाहिले. म्हाताऱ्याने मान डोलावली. हौसाने भावजयीच्या लुगड्याचा पदर खोचला आणि अंगणातच बसकण मारली. दुपारपर्यंत तिचे तळवे सोलवटले. बाकीचे दोघे झाडाखाली बसून तिच्याकडे बघत एकमेकांना कोपराने डिवचत होते. तिने मान वर केली नाही. ऊन उतरले तेव्हा आठ हात दोर झाला होता, मध्ये एक हातभर सांधा होता, आणि त्याला चमक अजिबात नव्हती.

म्हाताऱ्याने तो दोर झाडाच्या फांदीला बांधला, तळव्यांना माती चोळली आणि सगळा भार टाकून लटकला. सांधा हलला नाही.

"मी हिच्या दोरावर उतरेन," तो म्हणाला.

"अरे, पण तो आठच हात आहे," किल्लेदार म्हणाला. "या दोघांचे दोर पुरे आहेत."

"सरकार, या दोघांचा दोर कुठं दगा देईल ते त्यांनाच माहीत नाही. हिला माहीत आहे, आणि जागा हातची जात असताना हिनं ते सांगितलं. खाली लटकणारा मी आहे."

रीतीपुढे किल्लेदाराचे काही चालेना. दुसऱ्याच दिवशी हौसा मुलींना घेऊन गडावरच्या खोलीत राहायला आली. म्हातारा पुढे पुष्कळ वर्षे तिच्या दोरावरून कडा उतरला आणि दर वेळी सुखरूप वर आला. तेल लावलेला दोर हौसाने खोलीपुढे वेल चढवायला बांधला. येणारे-जाणारे त्याची चमक बघून थबकायचे, आणि हौसा त्यांना सांगायची, "नुसतं बघा, धरू नका."

तात्पर्य: पहिल्या भेटीत डोळे दिपवण्यापेक्षा, ज्याला आपल्या कामावर विसंबायचे आहे त्याला आपली चूक आपणहून सांगावी, विश्वास तिथूनच बसतो.